पलंगाखालच्या विटा : स्क्रब टायफसनंतरच्या सतरा आठवड्यांचं एक प्रकरण

"ताप गेला, फुफ्फुस साफ झालं, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. मग हे उठून काहून नाही राहिले, मॅडम?"

काकूंनी हे मला दारातच विचारलं, चपला काढायच्या आधी. नवरात्राची तिसरी माळ होती. काका रुग्णालयातून सर्वपित्री अमावास्येला घरी आले होते. घर नागपुरात, सक्करदरा तलावाच्या मागच्या वस्तीत, दोन खोल्यांचं. काकांचं वय ६१, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. मी घरी जाऊन फिजिओथेरपी करते. या कुटुंबाच्या परवानगीने हे लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला चार महिने लागले. त्यातले पहिले दोन आठवडे तर मी चुकीच्या ठिकाणी बघत होते.

पोळा ते सर्वपित्री

काटोलच्या पुढे काकांचं दीड एकर संत्र्याचं वावर आहे. पोळ्याच्या आठ-दहा दिवस आधी ते झाडांखालचं गवत कापायला गेले, दुपारी तिथेच बांधावर गवतात आडवे झाले. पोळ्याच्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली, गल्लीतली पोट्टी "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडत गेली आणि काका दोन गोधड्या घेऊन कुडकुडत होते. प्लेटलेट कमी आल्या, डेंग्यू समजून सहा दिवस तापाच्या गोळ्या चालल्या. सातव्या दिवशी श्वास लागला आणि थेट अतिदक्षता विभाग.

तिथे कपडे बदलताना नर्सला उजव्या काखेत काळी खपली दिसली. सिगारेटचा चटका बसल्यासारखी, न दुखणारी. तोवर काख कोणी पाहिलीच नव्हती. ही स्क्रब टायफसची खूण. गवतातल्या बारीक किड्याची अळी चावते तिथे ही खपली येते. ताप सहसा चावल्यानंतर सहा ते एकवीस दिवसांत चढतो. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात या तापाचे रुग्ण एकदम वाढले, तेव्हा कुठे हे नाव आपल्याकडे लोकांच्या तोंडी आलं. वेळेवर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक मिळालं तर बहुतेकांचा ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. उशीर झाला की फुफ्फुस, मूत्रपिंड, मेंदू सगळीकडे हात घालतो. काकांच्या फुफ्फुसात पाणी भरलं, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन २.८ पर्यंत गेलं. डायलिसिस टळलं, पण नऊ दिवस व्हेंटिलेटर लागला.

आजाराची गोष्ट एवढीच. डॉक्टरांनी जीव वाचवला, पुढचं काम घराच्या भिंतींच्या आत होतं.

पहिली तपासणी

वजन ५३ किलो, आजाराआधी ६४. पोटरीचा घेर २८.५ सेंटीमीटर. आशियाई पुरुषांत तो ३४ च्या खाली असला की स्नायू झिजल्याची शंका घेतात. मुठीची ताकद उजवीकडे १३ किलो, तिथे २८ च्या खाली कमी धरतात. हातापायांच्या बारा स्नायूगटांना प्रत्येकी पाचपैकी गुण देऊन ६० ची बेरीज करतात. ४८ च्या खाली असेल तर अतिदक्षता विभागातून आलेला अशक्तपणा म्हणतात. काकांचे ४४ आले. डाव्या पायाचा पंजा किंचित लोंबत होता, चालताना चप्पल सुटायची.

खुर्चीवरून, हात छातीशी बांधून, तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं ही साधी चाचणी आहे. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाने चौदा वेळा तरी उठावं अशी अपेक्षा असते. काका पुढे झुकले, ओठ दाबले, मांड्या थरथरल्या आणि पुन्हा मागे बसले.

"शून्य लिहा," स्वतःच म्हणाले. "फुल्ल रिकामी गाडी."

काकूंचा प्रश्न इथेच सुटायला हवा होता. रिपोर्ट रक्ताचे असतात, छातीच्या फोटोचे असतात. मांडीचा रिपोर्ट कोणी काढत नाही. लंडनच्या अतिदक्षता विभागांत २०१३ साली झालेल्या एका अभ्यासात रुग्णांच्या मांडीचा पुढचा स्नायू अल्ट्रासाउंडने मोजत गेले, तर दहा दिवसांत त्याचं क्षेत्रफळ जवळपास १८ टक्क्यांनी घटलं होतं. एकापेक्षा जास्त अवयव निकामी झालेल्यांचं त्याहून जास्त. गंभीर आजारात शरीर स्वतःचंच मांस जाळतं, वर माणूस हलत नाही, आणि लांबलेल्या आजारात नसांनाही मार बसतो. काका तेवीस दिवस रुग्णालयात होते. ही झीज झोपून भरून येत नाही, हे मी काकूंना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि काकांच्या पाठीशी आणखी एक उशी लावली.

संडास

घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी काका संडासात पडले होते. हे मला पहिल्या भेटीत कोणी सांगितलं नाही. मुलगा बुटीबोरीला शिफ्टमध्ये कामाला, तो रविवारी घरी होता तेव्हा बोलता बोलता निघालं. संडास भारतीय पद्धतीचा. बसले, पण उठता येईना. नळाला धरून जोर लावला तर हात सुटला. काकूंनी शेजारच्या पोराला हाक मारली आणि त्या पोरानं काकांना उचलून बाहेर आणलं. जन्मभर गर्दीच्या गाडीत "पुढे सरका, पुढे सरका" करणाऱ्या माणसाला शेजारच्या पोरानं त्या अवस्थेत उचललं. त्या दिवसापासून ते जेवण कमी करत होते. खाल्लं नाही तर जावं लागणार नाही, असा हिशोब.

त्याच संध्याकाळी भोक पाडलेली खुर्ची आणवली, भिंतीला लोखंडी दांडी ठोकून घेतली. मग काकांना विचारलं, तुम्हाला नेमकं काय करता आलं पाहिजे? मला वाटलं, संडास म्हणतील.

"काटोलच्या गाडीत चढता आलं पाहिजे. हात न देता कोणी."

विटा

त्यांचा लाकडी पलंग सोळा इंच उंच होता. तिथून उठणं अशक्य. मग पायांखाली विटा लावल्या, प्रत्येक पायाखाली दोन, एकीची जाडी तीन इंच. पलंग बावीस इंचांवर गेला आणि काका हात न लावता उठले. एकदाच, पण उठले. मुलगा बघत होता. म्हणाला, "मॅडम, हे तर चीटिंग झालं ना?"

नाही. स्नायूला पेलेल एवढंच, पण पेलताना जड वाटेल एवढं ओझं द्यायचं, हे सगळ्या ताकदीच्या व्यायामाचं मूळ आहे. पहिलवान वजन वाढवतो, आम्ही विटा काढणार. आठ वेळा उठायचं, दोन मिनिटं थांबायचं, पुन्हा आठ, पुन्हा थांबायचं, पुन्हा आठ. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुटी. तिन्ही वेळा आठ जमले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त थकवा नसला, की एक वीट कमी. सुटीच्या दिवशी घरात चालणं. हातांसाठी पाण्याच्या बाटल्या, लिटरची बाटली म्हणजे एक किलो. जुन्या पॅन्टचा पाय शिवून त्यात वाळू भरली, ते पोटरीवर बांधायचं वजन झालं.

बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावून आधी खात्री केली. उठबस करताना ९० च्या खाली जात नव्हतं. व्यायाम करताना एक वाक्य सलग बोलता आलं पाहिजे, ही घरच्यांसाठी खूण. पुन्हा ताप, बसल्या जागी धाप किंवा एकाच पायाला सूज आली तर व्यायाम बंद आणि डॉक्टर.

दोन आठवडे असं चाललं. वजन ५३ चं ५५ झालं. काकूंनी देवापुढे साखर ठेवली. मला मात्र कळेना, कारण पोटरी २८.५ वरच होती, मूठ १४ किलो, आणि दोन विटांच्या पलंगावरून पाचाच्या पुढे काका जात नव्हते. मी माझ्या वहीत पहिल्या दिवशी लिहिलं होतं, "आहार: चांगला." विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, व्यवस्थित जेवतात, आणि मी ते तसंच उतरवलं होतं.

कोजागिरी

कोजागिरीला संध्याकाळची भेट होती. गच्चीवर आटीव दूध होतं, मलाही दिलं. काकांनी पूर्ण ग्लास संपवला, मिशीला लागलेली साय पुसली आणि म्हणाले, "एक महिन्यानं दूध दुधासारखं लागलं."

म्हणजे? म्हणजे रोजच्या दुधात अर्धं पाणी होतं. जड पडू नये म्हणून.

मी खाली स्वयंपाकघरात गेले. काकूंना म्हटलं, आज सकाळपासून काय काय दिलं ते दाखवा, सांगू नका. दोन टोस्ट आणि चहा. साबुदाण्याची खीर. मऊ भात, त्यावर वरणाचं वरचं पाणी, डाळ खाली पातेल्यात. दुपारी संत्र्याचा रस, ग्लुकोजची पावडर घालून. चार वाजता मुरमुरे. रात्री मुगाची पातळ खिचडी. तसं पाहिलं तर दिवसभर माणूस खात होता, काकू दर दोन तासांनी काहीतरी समोर ठेवत होत्या. आम्ही दोघींनी बसून बेरीज केली. प्रथिनं कशीबशी तीस ग्रॅम.

असा आजार काढलेल्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं रोज द्यावीत असं धरतात. काकांच्या हिशोबाने किमान ६५. वाढलेले दोन किलो साखर, स्टार्च आणि थोडंफार पाणी. स्नायू बांधायला विटा मागवल्या होत्या आणि घरात रोज वाळूचा ट्रक येत होता.

काकूंवर हे ढकलणं सोपं आहे. पण मऊ, पातळ, हलकं ही आपल्याकडच्या पथ्याची रीत आहे आणि तापाच्या चार दिवसांत ती बरोबरच असते. ताप गेल्यावर ती कधी थांबवायची हे डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. तिथे "पौष्टिक आहार" एवढे दोनच शब्द होते. साबुदाणा पौष्टिकच वाटतो. आणि मी, जिला हे ठाऊक असायला हवं, तिने "चांगला" असं लिहून पान उलटलं होतं.

मूत्रपिंडाला मार बसून गेलेला, म्हणून प्रथिनं वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारलं. क्रिएटिनिन १.० वर आलं होतं, त्यांनी होकार दिला. हिमोग्लोबिन ९.८ होतं, त्यासाठी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या.

काका माळकरी. अंडं नाही, मटणाचा तर विषयच नाही. काकू म्हणाल्या, "मग काय खाऊ घालू? बेसन बाधते, डाळीनं वात होते." बेसनावर आमची बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं. सकाळी पाणी न घालता पाव लिटर दूध, त्यात आठ ग्रॅम. मूठभर फुटाणे, सहा. दोन्ही जेवणांत घट्ट वरण, प्रत्येक वेळी चाळीस ग्रॅम कोरडी डाळ वजन करून, मिळून अठरा. दोन ज्वारीच्या भाकरी, दहा. वाटीभर दही, पाच. भाजीत पंचवीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, तेरा. झोपताना पुन्हा दूध, आठ. झाले अडुसष्ट. आठवड्यातून दोनदा वड्यांऐवजी झुणका किंवा पाटोडी, बाधली तर बंद. बाधली नाही. पहिले चार दिवस पोट फुगलं हे खरं, म्हणून डाळ निम्म्यावरून हळूहळू वाढवली. ग्लुकोजचा डबा काकूंनी टाकला नाही, मुंग्यांच्या भीतीनं पिशवीत बांधून वर ठेवला.

दहा दिवसांनी पहिली वीट निघाली.

"जमेल तेवढं"

दिवाळीत पाहुणे आले. काका खुशीत होते, आकाशकंदील लावायला गच्चीवर दोनदा चढले, दिवसभर ओसरीत उभे राहून प्रत्येकाला बाहेरपर्यंत सोडायला गेले. भाऊबीजेला मला फोन आला. पाय शिशाचे झालेत, पलंगावरून उतरवत नाही. नाडी झोपल्या जागी १०४. ताप नव्हता, डॉक्टरांनी तपासून संसर्ग नाही असं सांगितलं. चार दिवस त्यांना साधं आंघोळीचंही ओझं झालं.

मी दिवाळीच्या आधी सांगून गेले होते, "जमेल तेवढं चाला." अडतीस वर्षं शेवटच्या थांब्यापर्यंत ड्यूटी केलेल्या माणसाला हे सांगायचं नसतं. जमेल तेवढं म्हणजे त्यांच्या भाषेत पडेपर्यंत.

त्यानंतर मी फक्त आकडे द्यायला लागले. निम्म्यावर आणलं सगळं. किती पावलं, किती उठबशा, मध्ये किती मिनिटं बसायचं. काकांनी मुलीच्या जुन्या वहीत कंडक्टरच्या वेबिलासारखे, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाच्या कागदासारखे, रकाने आखले. थांबा, वेळ, उठबस, चालणं, आणि शेवटचा रकाना "दुसऱ्या दिवशी". त्यात बरोबरची खूण किंवा फुली. फुली पडली की त्या दिवशीचा आकडा खाली. ही वही माझ्या कुठल्याही फॉर्मपेक्षा नीट होती. एकदा मी सातऐवजी आठ उठबशा लिहून टाकल्या, तर दुसऱ्या भेटीत त्यांनी त्यावर बोट ठेवलं. "मॅडम, एक तिकीट जास्त फाटलं."

थंडी सुरू झाली तसं चालणं घराबाहेर गेलं. आधी गल्लीचं टोक, मग तलावाची बाजू. चपलेऐवजी मागे पट्टा असलेली सँडल. डाव्या पंजासाठी दोरी लावून वर ओढण्याचा व्यायाम रोज. तो पंजा सगळ्यात शेवटी सुधारला, नसा आपल्या वेगानेच येतात.

तापानंतर अडीच महिन्यांनी केस गळायला लागले, उशीवर पुंजके. घरात पुन्हा रडारड. मोठ्या आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी असे केस जातात आणि बहुतेक परत येतात. हे मला आधीच सांगून ठेवता आलं असतं. रात्रीचं मात्र काकांनी स्वतःहून डिसेंबरात सांगितलं, चालताना, माझ्याकडे न बघता. अतिदक्षता विभागात त्यांना वाटत होतं की आपण गाडीत आहोत, सगळे उतारू तोंडावर फडकं बांधून बसलेत आणि कोणी तिकीट घेत नाही. नर्सला ते म्हणे तिकीट मागायचे. अजूनही रात्री तीनला ती गाडी सुरू होते. व्हेंटिलेटरवर राहिलेल्या पुष्कळांना असे भास होतात, डोकं फिरलेलं नसतं, एवढं सांगितलं आणि डॉक्टरांच्या कानावर घातलं. औषध लागलं नाही. सांगून टाकल्यावर झोप थोडी लांबली, असं काकू म्हणाल्या.

सोळा इंचांच्या खाली

डिसेंबरच्या मध्याला शेवटच्या विटा निघाल्या. मुलानं त्या ओसरीत रचून ठेवल्या. मग मोढा आला, बारा इंचांचा. मग पाट. इथे तीन आठवडे गाडं अडलं. मांडीत ताकद येत होती, पण घोट्याचे सांधे आखडले होते, उकिडवं बसताना टाचा उचलल्या जायच्या आणि तोल मागे जायचा. टाचांखाली फळीचा तुकडा देऊन सराव केला, पोटरी ताणायचे व्यायाम वाढवले. संडासातली दांडी धरून ते संक्रांतीच्या आधी पहिल्यांदा स्वतः बसले आणि स्वतः उठले. खुर्ची त्याच दिवशी गच्चीवर गेली. मला हे काकूंनी तिळगूळ देताना सांगितलं, काका त्यावर एक शब्द बोलले नाहीत.

मुलगी गणेशपेठच्या बसस्थानकावर जाऊन काटोलच्या गाडीची पहिली पायरी टेपने मोजून आली. पंधरा इंच. आम्ही ओसरीतल्याच विटा घेतल्या, पाच थर रचून वर फळी टाकली, शेजारी खांब धरायला. आधी दोन थर, मग तीन. पंधरा इंचांवर डावा पाय आधी टाकला की अजून अडखळत, म्हणून उजवा आधी, डावा मागून. पाठीला दोन किलोची पिशवी.

सतराव्या आठवड्याची मोजणी. वजन ५९. पोटरी ३२. उजवी मूठ २७, म्हणजे रेषेच्या एक किलो खालीच. तीस सेकंदांत तेरा उठबशा, एक कमी. स्नायूंचे गुण ६० पैकी ५८. चालण्याचा वेग सेकंदाला ०.४ मीटरवरून १.१. काकांना तेरा आवडले नाहीत. दोनदा पुन्हा करून दाखवायला निघाले होते, मी घड्याळ बंद केलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ते काटोलला गेले. मृगाचा बहार झाडावर होता. मुलगा सोबत होता, पण दोन पावलं मागे, असं आधीच ठरलेलं. दारातल्या कंडक्टरनं, तिशीतला पोरगा, हात पुढे केला.

"राहू दे बावा," काका म्हणाले, आणि दांडा धरून उजवा पाय टाकला.

हे मुलानं फोनवर सांगितलं. काकूंनी मधेच फोन घेतला. त्यांना वेगळीच काळजी होती. वावरात गवत पुन्हा गुडघ्याएवढं झालं होतं, आणि हे म्हणतात पुढच्या आठवड्यात कापायला जातो. मी सांगितलं, गवत मजुराकडून कापून घ्या. जायचंच असेल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट, पॅन्टचे पाय मोज्यांत खोचून, बूट. गवतात बसायचं-झोपायचं नाही, कपडे गवतावर टाकायचे नाहीत. घरी आल्या आल्या आंघोळ, कपडे गरम पाण्यात. आणि त्यानंतर ताप आला तर पहिल्याच दिवशी डॉक्टरला "वावरात गेलो होतो" हे सांगायचं, काखा-जांघा बघायच्या.

"एवढं सगळं ऐकतील का?" काकू म्हणाल्या. मग आत वळून ओरडल्या, "अहो, वही घ्या, मॅडम सांगून राहिल्या ते लिहा."